तात्यांच्या अंगणातली अर्थिंग

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दिवा लावायला लाटणं लागायचं. थट्टा नाही करत. स्वयंपाकघरातल्या बोर्डाशेजारी एक लाटणं सुतळीनं खिळ्याला टांगलेलं, मधल्या खोलीत एक, पडवीत एक. आलेला पाहुणा विचारायचा, हे काय हो, पोळ्या भिंतीवर लाटता की काय? आई म्हणायची, "बटणाला हात लावून बघा की, म्हंजी कळंल." एका शहाण्यानं खरंच लावला आणि तो जो मागं उडाला तो थेट हंड्या-कळश्यांवर जाऊन पडला. आता मी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते, जुळे सोलापुरात. इथली बटणं पांढरीशुभ्र, प्लॅस्टिकची, बोट टेकवलं की दिवा. तरी मी आधी बोटांची पालथी बाजू लावून बघते आणि मगच दाबते. सून हसते. "आई, अर्थिंग केलंय हो सगळं," म्हणते. हसू दे बापडी. अर्थिंग आमच्याही घरात होतं. त्याचं काय झालं तेच सांगायला बसलेय.

आमचं घर गावाच्या पूर्व भागात, जिथं घरोघरी माग. घर म्हणजे पुढे चार मागांची शेड आणि मागे आम्ही. मधे एकच भिंत, तीही कसली, ठोसा मारला तर पलीकडे हात जाईल अशी. माग सुरू झाले की जमीन हलायची, फळीवरची पितळी ताटं एकमेकांवर वाजायची, रांजणातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठायच्या. त्या खडखडाटात वाढलो म्हणून आमच्यात हळू कुणीच बोलत नाही, मीसुद्धा नाही. नातवंडं म्हणतात आजी फोनवर बोलत नाही, हाका मारते. दुपारी आई उखळात शेंगाचटणी कुटायची. दाण्यांना तेल सुटून चटणी मुसळाला चिकटायला लागली की मी ती बोटानं पुसून खायची. कडक भाकरी, ती चटणी आणि वर घट्ट दही, ह्यासाठी अजूनही जीव टाकते मी. पण त्या घरात जेवताना एक डोळा ताटावर आणि दुसरा आप्पांच्या हातावर ठेवावा लागायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. आप्पा मारायचे. आईला मारायचे, मला मारायचे, मागावरच्या माणसाला मारायचे, आणि माणूस हाताशी नसलं तर वस्तूला मारायचे. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून आईचा पुढचा दात गेला. मागाच्या मोटारीचा तुटलेला चामडी पट्टा त्यांनी खुंटीवर मुद्दाम टांगून ठेवला होता, आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या मांजरालासुद्धा कळत होतं. गल्लीतले लोक म्हणायचे, तापट आहे, पण मनानं चांगला आहे. मन कुणी बघितलं होतं? हात मात्र मी रोज बघत होते. आणि ह्याच माणसानं जत्रेत मला खांद्यावर घेऊन भेंडबत्ताशाची माळ घेऊन दिलेली आहे, हेही खरं. म्हणून तर राग जास्त येतो. नुसताच राक्षस असता तर बरं झालं असतं, एकदाच नाव टाकून मोकळी झाले असते.

लोखंडी बटणं आली तीसुद्धा ह्या हातामुळंच. वीज जायची, माग बंद पडायचे, की आप्पा संतापानं बोर्डावर बुक्की मारायचे. लाकडी बोर्ड किती टिकणार? एक चिरला, दुसऱ्याच्या ढलप्या उडाल्या. शेवटी त्यांनीच भंगारातून एका बंद पडलेल्या कारखान्याची लोखंडी पेटीतली बटणं आणली. हिरवट रंगाच्या जाड पेट्या, वर लोखंडाचाच दांडा, दाबला की टक्क असा मोठा आवाज. "आता ह्यावर हाणतो म्हणावं," असं स्वतःलाच म्हणाले आणि खूश होऊन हसले. बसवायला आलेला वायरमन म्हणाला, लोखंडाची पेटी आहे, आत कुठं वायर टेकली तर सगळी पेटी करंट धरंल, हिला अर्थिंग पायजेच. मग प्रत्येक पेटीतून एक उघडी तार निघाली, सगळ्या तारा एकत्र होऊन मागच्या अंगणात गेल्या. तिथं माणूसभर खड्डा खणून तळाशी तांब्याची पट्टी ठेवली, वर थर लावला कोळशाचा, मग मिठाचा, परत कोळसा, परत मीठ. एक लोखंडी नळी उभी पुरली, वरून पाणी घालायला. सुटलेला करंट त्या वाटेनं जमिनीत जायचा, माणसाच्या अंगात शिरायचा नाही. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. जमीन वाळली की अर्थिंग कामाचं राहत नाही, म्हणून खड्ड्याला रोज पाणी पाजायचं. ते काम आईचं. फ्यूज उडाला तर त्याची तार बांधायची तीही आईच. आप्पांच्या रागीट बोटांत ती बारीक तार कधी राहिलीच नाही.

आजोबा गेले आणि वाटणी झाली. आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, ह्यांच्यात घराचे दोन तुकडे झाले. अंगणात भिंत उठली, भिंतीत एक पत्र्याचं दार ठेवलं, आणि खड्डा गेला तात्यांच्या बाजूला. पंचांनी सांगितलं, खड्डा दोघांचा, तार भिंतीवरून जाऊ द्यायची, वहिनींनी पाणी घालायला ह्या दारातून यायचं. आईला तर ते बरंच झालं. रोज संध्याकाळी भांडी घासलेलं पाणी कळशीत घेऊन ती पलीकडे जायची, आणि तिथं काकू तिची वाट बघत बसलेली असायची. काकू अक्कलकोटकडची, अर्धं कानडी बोलायची, आईला आक्का म्हणायची. दोघी जणी त्या नळीत पाणी ओतत ओतत जे बोलायच्या ते दोन्ही घरांत कुणाला ऐकवण्यासारखं नव्हतं. एकीच्या पाठीवरचे वळ दुसरी तिथंच बघायची. खंडेनवमीला आम्ही माग धुतो, पुजतो, धोट्याला हळदकुंकू लावतो, तसं आई त्या नळीलाही लावायची. आपल्याला जपतंय, त्याला नको का लावायला, म्हणायची.

काकूला मूल राहत नव्हतं. राहायचं आणि जायचं. त्या वर्षी मात्र पोट चांगलं दिसायला लागलं होतं, आई तिला भाकरीवर तूप घालून चोरून खायला न्यायची. आणि ऐन चैत्रात तेही गेलं. काकूचं किंचाळणं मागांच्या आवाजातून ऐकू आलं, त्यावरून काय ते समजा. तिला बघायला तिची आई अक्कलकोटहून आली. तिला सगळे अव्वा म्हणायचे. वाळलेली, काळी, तोंडात सदा तंबाखू. पोरीच्या दुःखानं तिचं डोकं फिरलं होतं हे मी आज समजू शकते. तेव्हा नाही समजू शकले. उन्हाळा लागला म्हणून आईनं आणि मी थोड्याच दिवसांपूर्वी खड्डा वरून उकरून त्यात नवीन मीठ-कोळसा भरला होता. अव्वानं अंगण झाडताना ती नवी माती बघितली आणि खुरप्यानं उकरायला बसली. आता विचार करा, तिला काय दिसलं असेल? कोळसा. मीठ. नळीला वाळलेलं कुंकू. आणि पोरीचं पोट रिकामं.

"करणी!" ती ओरडली. "अय्यो शिवने, करणी केली गं! माज्या लेकीच्या दारात पुरली गं!"

नेमकी आई कळशी घेऊन पत्र्याच्या दारातून आत शिरत होती आणि मी तिच्या मागं. अव्वा धावून आली ती तिनं आईचे केसच धरले. कळशी खाली आपटली. म्हातारीच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे, तिनं आईचं डोकं त्या लोखंडी नळीवर आपटलं. एकदा नाही. मी तिच्या दंडाला चावले तरी सोडेना. आई ओरडत होती, "अवं अर्थिंग हाय ते! करंटचं हाय! तात्या, सांगा की तुमी, तुमाला म्हाईत हाय की!" तात्या दारात उभे होते. त्यांनी स्वतःच्या हातानं तो खड्डा वायरमनबरोबर खणलेला होता. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी आईकडं बघितलं, उकरलेल्या कोळशाकडं बघितलं, आणि गप्प बसले. माणसाला आपल्या दुःखासाठी कुणीतरी जबाबदार लागतो, आणि त्यांना तो आयता मिळत होता. आतून काकू रडत रडत म्हणत होती, "आक्काला सोड गं अव्वा, आक्काला सोड," पण उठण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

मग आप्पा आले. त्यांच्या हातात धोटा होता. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं पळतो तो लाकडी, जड, दोन्ही टोकांना लोखंडाची टोकं असलेला. बायकोला दुसऱ्यानं मारलेलं आप्पांना खपायचं नाही. तो हक्क त्यांचा एकट्याचा. त्यांनी म्हातारीला लाथेनं बाजूला सारलं आणि धोटा तात्यांच्या कानशिलावर असा हाणला की तात्या गुडघ्यावर बसले. रक्त कानातून गळ्यात उतरलं. "का बे, माझ्या बायकूवर हात?" तात्यांनी उठता उठता आप्पांचं बोट तोंडात धरलं. दोन सख्खे भाऊ, एका ताटात जेवून वाढलेले, त्या ओल्या कोळशात लोळत एकमेकांचे डोळे काढायला बघत होते. दोघं काळे झाले होते, त्यात लाल. शेजारची तेलुगू मंडळी भिंतीवर चढून बघत होती. कुणीतरी मधे पडलं, दोघांना ओढून काढलं. तात्या धापा टाकत घरात गेले ते कुऱ्हाड घेऊन आले. मला वाटलं, संपले आप्पा. पण तात्या भिंतीकडं वळले आणि वरून येणारी अर्थिंगची तार त्यांनी एका घावात तोडली. "तुमचा करंट माझ्या दारात नको," म्हणाले. "मरा तिकडं." त्यांनी पत्र्याच्या दाराला आपल्या बाजूनं कडी घातली आणि उकरलेला मीठ-कोळसा पाट्या भरभरून आमच्या अंगणात फेकला.

त्या दिवसापासून आमची बटणं चावायला लागली. मोटारी जुन्या, वायरी जुन्या, कुठून ना कुठून करंट सुटत होताच. आतापर्यंत तो गुपचूप खड्ड्यात जात होता, आता त्याला जायला वाट राहिली नाही. दोन दिवस नुसत्या मुंग्या आल्या. मग एका संध्याकाळी आई कणीक मळता मळता ओल्या हातानं दिवा लावायला गेली आणि चिकटली. ओरडली नाही. ओरडता येतच नाही, जबडा बसतो. तिचे डोळे माझ्याकडं होते आणि सगळं अंग थडथड हलत होतं, बांगड्या भिंतीवर वाजत होत्या. पोळपाटावरचं लाटणं उचलून मी तिच्या मनगटावर जीव खाऊन मारलं. एकदा मारलं, सुटेना. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा बांगड्या फुटल्या आणि ती खाली पडली. मनगट सुजून टम्म झालं, तळहातावर भाजल्याचा पांढरा डाग उठला. तो डाग तिच्या हातावर शेवटपर्यंत होता. तेव्हापासून ती लाटणी टांगली.

खरं तर ह्यावर उपाय केवढा? आपल्या अंगणात दुसरा खड्डा खणायचा. आईनं मला पुढं करून तेच सांगितलं. "मी खणते, शाली माती काढंल, तुमी फकस्त तांब्याची पट्टी आणून द्या." आप्पांनी ताट भिरकावलं. "माझ्या बापाच्या जागेतला खड्डा हाय त्यो. मी का दुसरा खणू? त्यानं तार तोडली, त्यानंच जोडायची." आईचा हात भाजला, लेकीचा उद्या भाजेल, ह्याचं काही नाही. माघार कुणी घ्यायची, सगळं तिथंच अडलेलं. आणि पलीकडे तात्या काही कमी नव्हते. त्यांच्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की दुपारी पिऊन यायचे, त्या पत्र्याच्या दारावर दोन्ही हातांनी धाडधाड मारायचे आणि आमचा उद्धार करायचे. आप्पा इकडून उत्तर द्यायचे. सगळी गल्ली जेवता जेवता ऐकायची.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी आप्पा पडवीत स्टूल घेऊन काहीतरी करत होते. मी बघितलं तर तोडलेल्या तारेचा आमच्या बाजूचा तुकडा त्यांनी पेट्यांपासून सोडवला होता. त्याचं एक टोक पडवीतल्या बटणातून करंटच्या वायरीला जोडलं, आणि दुसरं पत्र्याच्या दाराच्या बिजागरीला गुंडाळलं, पाच-सहा वेढे, घट्ट. फ्यूजची तार ज्यांना बांधता येत नव्हती त्यांनी हे काम इतकं निगुतीनं केलं की मी बघतच राहिले. आईनं विचारलं, "हे काय?" आप्पा भाकरी मोडत सहज बोलले, "आज येऊ दे त्याला. हाणू दे दारावर. मी हितं बटण दाबणार. माझ्या घरात त्यानं करंट सोडला न्हवं, घे म्हणावं माघारी."

"मरंल त्यो," आई म्हणाली.

"मरू दे."

आणि ते हात धुऊन पडवीत बोर्डाखाली चटई टाकून बसले. लाटणं मांडीवर ठेवलं. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. मी म्हटलं, आई, तात्यांना जाऊन सांगू या. ती म्हणाली, सांगितलं तर तो कुऱ्हाड घेऊन येईल, मग दोघांपैकी एकाला उचलूनच न्यावं लागेल. मी म्हटलं, मग तार सोडून टाकू. "सोडली तर फिरून बांधतील. आज न्हाय तर उद्या. त्यांच्या मनातनं निघाय पायजे ते." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मी जाते पलीकडं. दार मी धरते. मग बघू कसं दाबत्यात."

मी तिच्या पदराला लोंबकळले. आई, नको गं, ते दाबतील गं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच अभद्र बोलत होते. "गप. तुझा बाप हाय त्यो. राग हाय, पर माझ्यावर न्हाय दाबायचे. बायकू हाय मी त्यांची." हे ती बोलत होती आणि पुढचा दात नसलेल्या जागेतून तिची जीभ दिसत होती! मी सोडेचना. फ्यूज काढ म्हटलं, नाहीतर मी ओरडते, सगळी गल्ली गोळा करते. शेवटी वैतागून ती मधल्या खोलीत गेली, चिनीमातीचा फ्यूज ओढून काढला आणि माझ्यासमोर पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "झालं समाधान? तुझ्यासाठी काढला बघ. मला काय त्याची गरज न्हाय." मग मोरीत पाय धुतले, ओल्या पायांना करंट जास्त धरतो, कोरडे दिसले तर त्यांना खोटं वाटेल म्हणून असेल, आणि पुढच्या दारानं गल्लीतून तात्यांच्या अंगणात गेली.

मी पडवीत येऊन खांबाला धरून उभी राहिले. ऊन असं होतं की अंगणाकडं बघवत नव्हतं. पत्र्याच्या दाराखाली वीतभर फट होती. त्या फटीत आधी सावली आली, मग आईचे पाय आले. ओले पाय, जोडवी, अंगठ्याला चिकटलेली माती. दोन्ही तळवे पत्र्यावर टेकल्याचा आवाज आला.

"ऐकलं का," ती पलीकडून म्हणाली. "मी हाय. दार धरलंय म्या."

आप्पा ताडकन उभे राहिले. "हात काढ."

"न्हाय काढत."

"हात काढ म्हणतो ना तुला! मुडदा पडंल!"

"पडू दे की. तुमाला कुणीतरी मारायचंच हाय न्हवं? मग भाऊ कशाला पायजे, मी हाय की. दाबा."

आप्पांनी फटीकडं बघितलं. चांगलं बघितलं. जोडवी तर त्यांनीच घातलेली. त्यांच्या मानेची शीर उडत होती आणि चेहरा, कसा सांगू, आधी लाल होता तो हळूहळू निवत गेला. मला वाटलं, उतरला राग. आईच खरी ठरली. मी खांब सोडून एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा, त्यांचा हात धरायला. "माझ्याशी पैज लावती," एवढंच ते पुटपुटले, लाटणं उचललं आणि बटणाचा दांडा खाली दाबला.

टक्क.

काहीच झालं नाही. फ्यूज आईच्या पदरात आहे हे मला माहीत होतं, मी स्वतः तो काढायला लावला होता, आणि तरी मी तिथंच खाली बसले. फटीतले पाय हलले नाहीत. आप्पांनी मान वर करून बोर्डाकडं बघितलं. दिवा का लागत नाही म्हणून माणूस बघतो ना, तसं. मग त्यांनी दांडा वर केला आणि पुन्हा खाली दाबला. टक्क. दोन्ही वेळचा आवाज तिनं ऐकला होता. पडवीतलं ते बटण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

थोड्या वेळानं पाय फटीतून गेले. आई पुढच्या दारानं घरात आली. रडत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली. फ्यूज तिनं आप्पांच्या पुढ्यात चटईवर ठेवला. आप्पांनी तो बघितला, आणि तेव्हा त्यांना समजलं. त्यांनी तो उचलून भिंतीवर फोडला, आईच्या मुस्काटात मारली, परत मारली. ती पडली नाही. आजवर मार चुकवायला हात वर करायची, त्या दिवशी हातही वर केला नाही, नुसती त्यांच्याकडं बघत उभी राहिली. मग आप्पाच शेडमध्ये निघून गेले आणि बंद मागांवर काहीतरी आपटत बसले. आईनं परातीतली कणीक झाकून ठेवली, हे मला अजून आठवतं, फेकली नाही, झाकली. दोन लुगडी, माझे कपडे आणि चटणीची बरणी एका पिशवीत भरली. जाताना तात्यांच्या दारात थांबून आत हाक मारली, "त्या दाराला हात लावू नका आज कुणी." तात्या बाहेर आले होते, दाराखालच्या फटीतून वाकून बिजागरीची तार त्यांनी बघितली होती, आणि त्यांची सगळी दारू उतरली होती. "वैनी," एवढंच म्हणाले. आई थांबली नाही.

आम्ही होटगीला गेलो, मामाकडं. मामा रेल्वेत गँगमन, घर रुळांच्या कडेला, दोन खोल्या, मामीचा जीव मोठा. आई शेतात भांगलायला जायला लागली. लोक विचारायचे, एवढी वर्षं मार खाल्ला, तेव्हा नाही आलीस, आणि आता साधी कळही लागली नाही तर आलीस होय? तिला समजावून सांगता यायचं नाही. मला सांगता येतं, म्हणून लिहिते आहे. मार ती सोसत होती एका भरवशावर, की ह्या माणसाला कुठंतरी थांबायला येतं. तो भरवसा तिनं स्वतः तपासून बघितला, आणि तो नव्हता.

पावसाळा सरता सरता आप्पा आले. बरोबर वाटणीतलेच दोन वडीलधारे पंच. आप्पा वाळले होते, दाढी पांढरी झाली होती, आणि मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. आईनं पाहुणे म्हणून सगळ्यांना जेवायला वाढलं. पंच म्हणाले, झालं ते झालं, खड्डा आम्ही आमच्या हातानं तुमच्या अंगणात खणून देतो, चला आता घरी. आप्पा भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत होते. मग मान वर न करता म्हणाले, "अगं, फ्यूज काढल्याला मला म्हाईत हुतं. तवाच वळखलं हुतं म्या. उगं भ्या घालावं म्हणून दाबलं."

पंचांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा, म्हणजे काहीच नव्हतं की! उगाच डोक्यात घेऊन बसला तुम्ही वहिनी."

आई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती उलटून झाली, मग तिनं आप्पांकडं बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, ताटात अजून काय वाढू असं विचारावं तसं विचारलं,

"म्हाईत हुतं, तर मग दुसऱ्यांदा कशाला दाबलंत?"